मोज्याला चिकटतं ते ‘कुसळ’ की ‘आघाडा’?

टेकडीकर: पावसाळा सरता सरता पुण्यातल्या वेताळ टेकडीवर गेलं की मोजे भरून येतात. आम्ही त्याला सरसकट कुसळं म्हणतो. काल सासूबाईंनी टोकलं, “कुसळं गवताची, हा आघाडा.” बरोबर कोण? आणि ‘आघाडा’चा ‘आघाडी’शी काही संबंध?

पत्रीवाली: सासूबाईच. कुसळ म्हणजे गवताच्या दाण्याची टोकदार शेपटी. आघाडा गवतच नव्हे, तो माठ-राजगिऱ्याच्या कुळातला. जिवतीच्या माळेत दूर्वांबरोबर ओवतो तोच. श्रावणात मंडईबाहेर जुड्या घेऊन बायका बसलेल्या असतात. आणि मोज्यात अडकतं ते नुसतं बी नसतं. फुलाची कोरडी दलं, आत एकच बी, बाजूला काटेरी टोकाची दोन छदकं (फुलाखालची इवली पानं), असं सगळं बिऱ्हाड एकदमच गळतं.

पेठेतला: आघाडीचं राजकारण इथे नको! संस्कृत कोशांत ‘आघाट’चा एक अर्थ हीच वनस्पती. वटाचा वड, घोटकाचा घोडा, तसा आघाटाचा आघाडा, असं मला वाटतं. ‘अपामार्ग’मध्ये मात्र ‘मार्ग’ म्हणजे रस्ता नव्हे. अप + मृज्, पुसून टाकणे. अथर्ववेदात त्याला तशीच विनवणी आहे.

पण वाचावीत ती निघंटूंतली, म्हणजे जुन्या औषधी-वनस्पतींच्या कोशांतली नावं. खरमंजरी, म्हणजे खरखरीत तुरा. दुर्ग्रहा, धरायला अवघड. आणि माझं लाडकं, अधःशल्य: काटे खाली वळलेला. तुरा नीट पाहा. शेंड्याच्या कळ्या वर तोंड करून, उमललेली फुलं आडवी, फळ धरलेली दांड्यालगत खाली झुकलेली. म्हणून बोट वरून खाली फिरवलं तर निभावतं, खालून वर नेलं की टोचतं. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली त्याला ‘अकिरँथिस अॅस्पेरा’ म्हटलं. पहिला शब्द ग्रीक, भुसा आणि फूल; दुसरा लॅटिन, खरखरीत. म्हणजे खरमंजरीपर्यंत तोही पोचला, खाली वळणं मात्र नावात आलं नाही.

टेकडीकर: बोट फिरवून पाहिलं, पटलं. आता ‘आघाडे चिकटले’ म्हणू की ‘आघाडा चिकटला’?

पत्रीवाली: मी तरी एकवचनच वापरते, शंभर चिकटले तरी. आणि मोजे मशीनमध्ये टाकण्याआधी वेचा, नाहीतर सासूबाईंच्या पातळाला लागेल.