मदत हवी आहे : दार्तान्याँची पुढची गोष्ट मराठीत आहे का?

नमस्कार मंडळी. वडील ७८ वर्षांचे आहेत. लहानपणी त्यांनी दार्तान्याँ आणि त्याच्या तीन शिलेदार दोस्तांची गोष्ट, म्हणजे फ्रेंच लेखक द्यूमाची 'द थ्री मस्केटिअर्स', मराठीत वाचली होती. गेल्या रविवारी त्यांना रिचर्ड लेस्टरचा १९८९चा 'द रिटर्न ऑफ द मस्केटिअर्स' हा चित्रपट लावून दिला. वीस वर्षांनी फ्रान्सच्या राणी अ‍ॅनच्या सेवेसाठी दार्तान्याँ जुन्या दोस्तांना शोधत निघतो. केस पिकलेत, अंग जड झालंय, पण तलवार हातात आली की तीच मस्ती! बाबा गुडघ्यावर शेकायची पिशवी धरून खदखदा हसत होते. शेवटी पिशवी गार झाली तरी हलले नाहीत.

दार्तान्याँच्या नोकराचं, प्लांशेचं, काम करणारे रॉय किनिअर याच चित्रीकरणात स्पेनमध्ये घोड्यावरून पडले आणि १९८८ साली गेले. हे सांगितल्यावर बाबा बराच वेळ गप्प होते.

आता त्यांना मूळ कादंबरी वाचायची आहे. द्यूमाची 'ट्वेंटी इयर्स आफ्टर', १८४५ची. त्यात चौघं दोन गटांत विभागली जातात, दोघं फ्रान्सचा मुख्यमंत्री कार्डिनल माझारँ याच्याकडे आणि दोघं त्याच्या विरोधात. मला तर हाच भाग सगळ्यात जिव्हाळ्याचा वाटतो. इंग्रजी वाचायला बाबांना त्रास होतो.

याचा मराठी अनुवाद कुणी पाहिलाय का? संक्षिप्त असला तरी चालेल, फक्त टाइप मोठा हवा. जुनी प्रत कुठल्या ग्रंथालयात असेल तर तेही कळवा, मी स्वतः जाऊन आणेन.