सीएफटीआर बिघडलं तर घामात मीठ जास्त आणि फुफ्फुसात पाणी कमी, हे एकाच वेळी कसं? (शिवाय ए५४९ पेशींचा प्रश्न)

संत्राबर्फी_२३

नमस्कार मंडळी, नागपुरातच एमेस्सी बायोकेमिस्ट्री करून राहिले, दुसरं वर्ष. सेमिनारला विषय घेतला फुफ्फुसाच्या पेशींमधले आयन चॅनेल आणि श्वसनाचे आजार, घेताना वाटलं दोन-तीन रिव्ह्यू वाचले की झालं, आता एका ठिकाणी गाडी अशी फसली की निघूनच नाही राहिली.

सिस्टिक फायब्रोसिस (सीएफ) या जन्मजात आजारात सीएफटीआर नावाचं क्लोराइडचं चॅनेल बिघडतं, इथपर्यंत ठीक. सगळीकडे लिहिलंय की पेशीतून क्लोराइड बाहेर येत नाही म्हणून पाणी पण येत नाही, म्हणून कफ घट्ट आणि चिकट. मग त्याच पोराच्या घामात क्लोराइड जास्त कसं काय सापडतं? चॅनेल बंद असेल तर घामातही कमीच यायला पाहिजे ना? वर्गात विचारलं तर "६० मिलिमोलच्या वर गेलं की पॉझिटिव्ह" एवढंच ऐकायला मिळालं. अहो ६० मलाही पाठ आहे, कारण पाहिजे.

दुसरं म्हणजे छोटं प्रॅक्टिकल पण करायचंय. डिपार्टमेंटला ए५४९ पेशी (प्रयोगशाळेत वाढवायच्या फुफ्फुसाच्या पेशी) आहेत, त्यावरच सीएफटीआर बघ म्हणून सांगितलंय. पॅच क्लॅम्पची रिग (एकेका चॅनेलमधला करंट मोजायचं यंत्र) आमच्याकडे नाही. काही होईल का, की नुसता वेस्टर्न ब्लॉट (प्रथिन आहे का ते दाखवणारी तपासणी) करून गप बसू?

पिपेट_आणि_तर्रीपोहे

चांगला प्रश्न विचारलास, यावर भलेभले अडखळतात कारण आपण सगळेच "क्लोराइड बाहेर टाकणारं चॅनेल" असं घोकतो. चॅनेलला स्वतःची दिशा नसते. नागपूर स्टेशनवर जनरल डब्याचं दार असतं ना, दार तेच, गर्दीचा रेटा आतून आला तर लोक उतरतात आणि प्लॅटफॉर्मवरून आला तर चढतात. सीएफटीआर तसंच, रेटा कुठून येतोय ते आजूबाजूचे पंप आणि ट्रान्सपोर्टर ठरवतात.

श्वासनलिकेच्या पेशीत रक्ताच्या बाजूला एनकेसीसी१ नावाचा ट्रान्सपोर्टर आहे, तो सोडियम-पोटॅशियमसोबत क्लोराइड आत भरत राहतो, म्हणजे आत क्लोराइड तुंबलेलं. वरच्या बाजूचं सीएफटीआर उघडलं की ते हवेकडच्या थरात जातं, सोडियम त्याच्या मागे आणि पाणी दोघांच्या मागे. त्या पातळ थरात सिलिया (पेशींवरचे केसांसारखे तंतू) हलतात, थर साधारण ७ मायक्रोमीटरचा, म्हणजे एका लाल रक्तपेशीच्या व्यासाएवढा, तो आटला की सिलिया कफात रुतून बसतात आणि मग जंतूंना मोकळं रान.

आता घाम. ग्रंथीच्या तळाशी जो घाम तयार होतो तो रक्तातल्या पाण्याएवढाच खारट असतो. तो नळीतून वर येताना शरीर मीठ परत ओढून घेतं, सोडियम ईनॅक चॅनेलमधून आणि क्लोराइड सीएफटीआरमधून. इथे सीएफटीआर आत घेण्याचं काम करतंय. नळीच्या भिंतीतून पाणी फारसं जात नाही म्हणून मीठ गेलं तरी पाणी मागे राहतं आणि घाम कमी खारट होऊन बाहेर पडतो. सीएफटीआर बंद असेल तर क्लोराइड परत घेता येत नाही, विद्युतभार सांभाळायला सोडियमही मागेच अडकतं आणि सगळं मीठ कातडीवर. झालं, दोन्ही टोकं जुळली.

आणखी एक गोष्ट सेमिनारमध्ये नक्की सांग, सगळे विसरतात. सीएफटीआरमधून बायकार्बोनेट पण जातं. ते कमी पडलं की म्युसिनचे (कफातल्या चिकट प्रथिनाचे) रेणू नीट उलगडत नाहीत, म्हणून नुसतं पाणी वाढवून सगळा कफ सुटतो असं नाही. आणि ईनॅक जास्त सोडियम ओढतं म्हणून थर आटतो, हे बऱ्याच पुस्तकांत ठाम सत्य म्हणून छापलंय, पण सीएफची डुकरं तयार करून पाहिली त्या कामात सोडियम जास्त ओढलं जाताना दिसलं नाही, तो वाद अजून मिटलेला नाही. परीक्षक जाणकार असेल तर बरोबर तिथेच पकडेल.

आई_मनीषनगर

मी सायन्सची नाही, पण घामाचं वाचून राहवलं नाही. माझ्या मुलाला हाच आजार आहे. तान्हा होता तेव्हा पापी घेतली की ओठाला मीठ लागायचं, सासूबाई म्हणायच्या बाळाला मिठाची दृष्ट काढली का कोणी. कपाळावर वाळलेल्या घामाची पांढरी रेघ दिसायची, टोपडं काढलं की. मे महिन्यात एकदम दूध सोडलं, उलट्या, पोर लुळं पडलं. तुम्हाला माहितीच आहे आपला मे कसा असतो, कूलर सुद्धा गरम हवा फेकतो. आधी सगळे म्हणाले ऊन लागलं, सलाइन लावली, बरं वाटलं, घरी आलो की पुन्हा तेच. मग एका नवीन डॉक्टरबाईंनी रक्तातलं सोडियम, क्लोराइड, पोटॅशियम सगळंच खाली बघितलं आणि घामाची तपासणी करायला सांगितलं. त्याआधी छातीच्या त्रासासाठी टीबीची औषधं पण सुरू करायची बोलणी झाली होती.

ताई तुझ्या सेमिनारमध्ये हे नक्की टाक की आपल्याकडे उन्हाळ्यात असं होऊ शकतं.

धंतोली_नाईट_ड्यूटी

आई, तुम्ही सांगितलं ते अगदी टेक्स्टबुक आहे, याला स्यूडो-बार्टर म्हणतात. घामातून मीठ जातं, रक्तातलं क्लोराइड घसरतं, रक्त अल्कलीकडे झुकतं. उष्ण प्रदेशातल्या तान्ह्या बाळांमध्ये कधीकधी छातीच्या आधी हेच दिसतं. मुळात घामाचा धागाच उन्हामुळे सापडलाय, १९४८ ला न्यूयॉर्कमध्ये उष्णतेची लाट आली तेव्हा सीएफची मुलं जास्त कोलमडली, त्यावरून डि सांताग्नेझे या डॉक्टरांनी १९५३ मध्ये घामातलं जास्तीचं मीठ दाखवलं. जीन सापडला १९८९ मध्ये, म्हणजे घाम आधी आणि चॅनेल तब्बल ३६ वर्षांनी.

संत्राबर्फी, भारताचा भाग लिहिताना जरा जपून. युरोपात बहुतेक पेशंटमध्ये एफ५०८डेल हे म्युटेशन सापडतं, आपल्याकडे त्याचं प्रमाण कमी आणि वेगवेगळी दुर्मिळ म्युटेशन जास्त. म्हणजे बाहेरून आणलेलं छोटं जीन पॅनल (ठरावीक म्युटेशनच तपासणारं) निगेटिव्ह आलं म्हणून सीएफ नाही असं म्हणता येत नाही, संशय पक्का असेल तर पूर्ण जीन वाचावा लागतो. वारंवार न्यूमोनिया, वजन न वाढणं, तेलकट दुर्गंधी शी, थुंकीत स्यूडोमोनास जंतू, असं मूल आलं की टीबी-दमा म्हणून थांबायचं नाही. "हा गोऱ्यांचा आजार" हे वाक्य मी अजूनही ऐकतो, चीड येते.

औषधांचं पण टाक. आयव्हाकाफ्टर २०१२ मध्ये आलं, ते पृष्ठभागावर पोहोचलेलं पण न उघडणारं चॅनेल उघडं ठेवतं, जी५५१डी या म्युटेशनसाठी. एफ५०८डेलची भानगड वेगळी, तिथे प्रथिनाची घडीच चुकते आणि पेशी ते वर पोहोचायच्या आधीच मोडून टाकते, म्हणून २०१९ मध्ये तिघांचं मिश्रण आलं, दोन औषधं घडी सुधारतात आणि तिसरं उघडतं. अमेरिकेत त्याची छापील किंमत वर्षाला ३ लाख डॉलरच्या वर. ज्या म्युटेशनमध्ये प्रथिन तयारच होत नाही तिथे हे मिश्रण काही कामाचं नाही.

उंटखाना_भौ

बाप्पा, लय भारी चर्चा चालू आहे. मले दोन शंका. एक, आमच्या घरी सर्दी-खोकला झाला का आजी गंजात पाणी उकळून मूठभर मीठ टाकते आन् वाफ घ्यायले लावते, मंग ते मीठ फुफ्फुसात जाऊन पाणी ओढत असंन का? दोन, कळमन्याच्या मिरची यार्डात शिरलं की जो ठसका लागते, ते पण चॅनेलच काय? दम्याचा माणूस त तिथून पळतच सुटते.

धंतोली_नाईट_ड्यूटी

भौ, मीठ गंजातच राहतं, वाफेत येत नाही. आजीची वाफ म्हणजे नुसतं गरम ओलसर पाणी, नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं तेवढंच, आणि लहान पोरं भाजतात ते वेगळं. मीठ खरंच श्वासनलिकेत न्यायचं तर नेब्युलायझरने बारीक थेंब करावे लागतात. ७ टक्के सलाइनचं नेब्युलायझेशन सीएफमध्ये वापरतातच, वरच्या थरात मीठ वाढलं की पाणी तिकडे ओढलं जातं. ऑस्ट्रेलियात समुद्रात सर्फिंग करणाऱ्या सीएफच्या पेशंटांची छाती बरी राहते असं लक्षात आलं तिथून तो विचार पुढे गेला, २००६ मध्ये ट्रायल छापून आली. पण घरी स्वतःच्या मनाने करू नये, नळ्या आवळू शकतात, म्हणून आम्ही आधी नळ्या मोकळ्या करणारं साल्ब्युटामोल देतो.

मिरचीचं हो, चॅनेलच. टीआरपीव्ही१, कॅप्सायसिनने उघडतं. फक्त ते मुख्यतः श्वासनलिकेतल्या मज्जातंतूंच्या टोकांवर काम करतं, म्हणून मेंदूला निरोप जातो आणि खोकला येतो. डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं त्यात हे काम होतं. खोकल्याच्या संशोधनात माणसांना मुद्दाम कॅप्सायसिनचा फवारा हुंगायला देऊन किती डोसला ठसका लागतो ते मोजतात, कळमन्यात ते फुकटात होतं.

आणि विदर्भातलं म्हणून एक भर. सिकलसेल या आपल्याकडच्या रक्ताच्या आजारात लाल पेशीतलं गार्डोस चॅनेल पोटॅशियम बाहेर सोडतं, पाणी मागोमाग जातं, पेशी आकसते आणि आतलं हिमोग्लोबिन दाट होऊन विळा बनायला मदत होते. ते बंद करायला सेनिकापॉक काढलं, रक्तपेशी फुटणं कमी झालं पण दुखण्याचे झटके काही कमी झाले नाहीत, ट्रायल थांबली. तेच चॅनेल श्वासनलिकेच्या स्नायूंत आणि मास्ट पेशींत (ॲलर्जीत भाग घेणाऱ्या) असतं म्हणून औषध पुढे दम्यातही तपासून पाहिलं. सेमिनारला नागपूरचे लोक बसणार असतील तर ही स्लाइड टाकच.

पिपेट_आणि_तर्रीपोहे

प्रॅक्टिकलचं राहिलं. ए५४९ वर सीएफटीआरचं काम नको करू असं माझं स्पष्ट मत. त्या फुफ्फुसाच्या कॅन्सरमधून १९७२ मध्ये काढलेल्या पेशी, अल्व्हिओलसच्या (फुफ्फुसातल्या हवेच्या पिशवीच्या) टाइप २ पेशींसारख्या म्हणून वापरतात, पण एकमेकींना नीट चिकटून घट्ट थर करत नाहीत. थर गळका असला की चॅनेलमधून काय गेलं आणि फटीतून काय गेलं ते वेगळं कळत नाही. कालू-३ या फुफ्फुसाच्याच पेशींमध्ये सीएफटीआर भरपूर असतं आणि थरही चांगला बसतो, पुण्याच्या एनसीसीएस या संस्थेच्या पेशींच्या रिपॉझिटरीत विचारून बघ.

रिग नाही म्हणून रडू नको. पॅच क्लॅम्प भारी आहेच, १९७६ मध्ये नेहर आणि साकमान यांनी एकेका चॅनेलचा पिकोअँपिअरमधला करंट पकडला, १९९१ ला नोबेल मिळालं, पण तुझ्या प्रश्नाला एक चॅनेल नको, अख्खा थर पाहिजे. त्यासाठी उसिंग चेंबर (थरातून जाणारा करंट मोजायचं भांडं), बेडकाच्या कातडीवर निघालेली जुनी पद्धत, आजही हीच चालते. आधी अमिलोराइड टाकून ईनॅक बंद कर, मग फॉर्स्कोलिनने सायक्लिक एएमपी (सीएफटीआरला उघडायला लावणारा पेशीतला निरोप) वाढव, करंट चढला पाहिजे, शेवटी सीएफटीआर बंद करणारं इनहिबिटर १७२ टाकून तो उतरला तरच म्हणायचं की सीएफटीआरचा होता. जाता जाता, फॉर्स्कोलिन आपल्याच देशातलं, १९७० च्या दशकात मुंबईत होएक्स्ट कंपनीच्या संशोधन केंद्रात कोलियस या वनस्पतीच्या मुळातून काढलेलं.

उसिंग चेंबर पण नसेल तर एमक्यूएई नावाचा डाय घे, पेशीत क्लोराइड वाढलं की त्याची चमक कमी होते. फ्लुओरिमीटर असेलच ना तुमच्याकडे? बाहेरचं क्लोराइड काढून नायट्रेट दे आणि फॉर्स्कोलिन टाकून चमक किती वेगाने वाढते ते बघ. आणि वेस्टर्न ब्लॉट एकटा नकोच, प्रथिन आहे म्हणजे ते उघडतं असं नाही, जी५५१डी मध्ये ब्लॉट झकास दिसेल.

संत्राबर्फी_२३

स्टेशनचं दार डोक्यात बसलं एकदाचं, थँक्यू दादा. फ्लुओरिमीटर आहे, पण एक तर तो दुसऱ्या मजल्यावर आणि कल्चर रूम तळमजल्यावर, नेता नेता पेशी गार नाही पडणार का? आई, तुमचं नाव न घेता मे महिन्याचा किस्सा स्लाइडवर टाकला तर चालेल ना? आणि डॉक्टर, गार्डोसची स्लाइड पक्की.

आई_मनीषनगर

टाक गं बिनधास्त. आता चौथीत आहे तो, उन्हाळ्यात किती मीठ द्यायचं ते डॉक्टरांनी लिहून दिलंय, शाळेच्या बाटलीत घालून देते. वर्गातली पोरं म्हणतात तुझं पाणी खारट.

पिपेट_आणि_तर्रीपोहे

गार पडतील, आणि गार पेशीत चॅनेलचा वेग पण पडतो. बफर ३७ ला गरम करून थर्मासमध्ये ने, क्युव्हेट (नमुन्याची छोटी कुपी) होल्डरला गरम पाण्याची नळी जोडायची सोय असते ती आधी तपासून घे, आणि मोजणी सुरू करायच्या आधी जरा वेळ थांब, रेघ सपाट झाली की मगच फॉर्स्कोलिन.