विषय: छपराचं कोटेशन

दोन कोटेशनांत ४०,०००चा फरक, म्हणून स्वस्तातलं घेताय असं लिहिलंत. आधी माप कुठलं धरलंय ते विचारा. खाली १००० चौरस फूट घर असेल तर ३० अंशांच्या उतारावर छप्पर साधारण ११५५ भरतं, वळचण वेगळी. स्वस्तवाल्याने खालचंच माप धरलं असेल तर बिल वाढणारच.

गुहागरला आमची कौलं उतरवली तेव्हा आढ्याजवळचे सहा वासे वाळवीने पोखरलेले निघाले. बोट दाबलं की भुसा! कोटेशनमध्ये 'लाकूड लागेल तसं' एवढंच होतं, मग घर उघडं असताना सांगतील तो दर द्यावा लागला. वाशाचा फुटाचा दर आत्ताच लिहून घ्या. आढ्याची कौलं, पन्हळ, वाहतूकसुद्धा. आणि कृपा करून मे अर्धा व्हायच्या आत काम उरका.