मदत हवी आहे: .४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हरने हरणाची शिकार, पण चाप ओढताना हात दचकतो

नमस्कार मंडळी,

मी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात राहतो. इथल्या आग्नेय भागातल्या टेकड्यांमध्ये हिवाळ्यात व्हाइटटेल हरणांच्या शिकारीला जातो. परवाना रीतसर आहे आणि मांस घरीच खाल्लं जातं. भारतात १९७२ च्या कायद्याखाली शिकार बंद आहे हे ठाऊक आहे, पण इथे हरणांची संख्या आटोक्यात राहावी म्हणून राज्य सरकारच परवाने देतं. तेव्हा कृपया या धाग्यावर तो वाद नको.

आजवर शॉटगन वापरली. यंदा रिव्हॉल्व्हरने जायचं मनात आहे. इथला नियम असा, की नळी किमान ५ इंच हवी आणि काडतूस सरळ (तोंडाशी निमुळती न होणाऱ्या) पुंगळीचं, .३५७ इंच व्यासाचं किंवा त्याहून मोठं हवं. मी रुगर सुपर रेडहॉक घेतलंय, .४४ मॅग्नम या ताकदवान काडतुसाचं, साडेसात इंची नळी. रिकामंच दीड किलो भरतं.

आता अडचण. याच रिव्हॉल्व्हरमध्ये .४४ स्पेशल ही कमी ताकदीची काडतुसंही चालतात, आणि ती भरली की २५ यार्डांवर सगळ्या गोळ्या जेवणाच्या कागदी प्लेटमध्ये बसतात. मॅग्नम भरलं की गोळ्या खाली आणि डावीकडे जातात (मी उजवा आहे). रेंजवरच्या एका जुन्या शिकाऱ्याने माझ्या नकळत खऱ्या काडतुसांमध्ये डमी (दारू नसलेली, न उडणारी काडतुसं) मिसळून सिलिंडर बंद करून दिला. डमीवर घोडा पडला, नुसती टक् झाली, आणि नळीचं टोक तरीही चांगलं बोटभर खाली गेलं. म्हणजे धक्का बसायच्या आधीच मनगट त्याच्याशी झुंजायला निघतं.

कानात बोळे आणि वरून मफ (कान झाकणारे हेडफोनसारखे कप), असं दुहेरी संरक्षण सुरू केल्यापासून थोडा फरक पडलाय. माझ्या मते निम्मं दचकणं आवाजाचंच असतं. छपराखालच्या रेंजवर तर ते फारच वाढतं, म्हणून आता उघड्यावरच जातो. पकड तपासून घेतली आहे. रबरी मूठ आहे आणि आधाराच्या हाताची बोटं सिलिंडर आणि नळीमधल्या फटीपासून लांब असतात (तिथून निघणारा गरम वायू बोट कापू शकतो, नवीन मंडळींनी हे जरूर लक्षात ठेवा). घरी रिकाम्या रिव्हॉल्व्हरवर चाप ओढण्याचा सरावही चालू आहे.

विचारायचंय ते हे. स्पेशल आणि पूर्ण ताकदीचं मॅग्नम यांच्या मधलं, २४० ग्रेन वजनाच्या गोळीचं (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) सौम्य काडतूस काही दिवस वापरून हळूहळू वर जावं का? कुणाला याचा उपयोग झालाय? दुसरं, नेमासाठी रेड डॉट (काचेत लाल ठिपका दाखवणारं साधन) की दुर्बीण? दुर्बिणीत हाताची थरथर मोठी दिसते, आणि मग 'आत्ता नेम बसलाय' म्हणून चाप हिसकला जातो, असं मला वाटतं.

शेजारी सांगतात की सरळ .४५४ कासुल (याहून जास्त ताकदीचं काडतूस) चालणारं रिव्हॉल्व्हर घे, मग .४४ हलकं वाटेल. मला हे अजिबात पटत नाही. .४४ मॅग्नमचा कमाल दाब ३६,००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच), .४५४ चा ६५,०००. दचकणाऱ्या हातात त्याहून मोठा धक्का दिला तर खोड पक्कीच होणार. शिवाय .४४ मॅग्नमचा जन्मच एल्मर कीथसारख्या शिकाऱ्यांच्या आग्रहातून झाला. खांद्यामागे, फुप्फुसांत गोळी बसली तर हरणाला ते पुरून उरतं. पोटात बसली तर .४५४ असूनही जनावर तडफडत मैलभर जाईल. मला त्याचीच धास्ती आहे.

भर: खाली दोघांनी विचारलंय, 'मग शॉटगनच का नेत नाहीस?' रास्त प्रश्न आहे. थँक्सगिव्हिंगनंतरच्या (नोव्हेंबरमधला अमेरिकी सण) सोमवारी हंगाम उघडतो. त्याआधीच्या शनिवारी काठ्यांच्या आधाराने, ५० यार्डांवर, मॅग्नमच्या सहाच्या सहा गोळ्या प्लेटमध्ये बसल्या नाहीत तर यंदाही शॉटगनच नेणार. आणि बसल्या तरी ५० यार्डांपलीकडच्या हरणावर गोळी झाडणार नाही.

कोलंबसच्या आसपास कुणी रिव्हॉल्व्हरने शिकार करणारं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. डमी भरून द्यायला दुसरं माणूस लागतं, आणि रेंजवरचे ते जुने शिकारी आजोबा आता फ्लोरिडाला निघालेत.