शांतता की शांती? शाळेच्या भिंतीवर लिहायचं आहे

वावरातली_मास्तरीण
नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात जि.प. शाळेवर आहे, सहावी-सातवी माझ्याकडे. २४ ऑक्टोबरला संयुक्त राष्ट्र दिन म्हणून व्हरांड्याच्या भिंतीवर त्यांच्या सनदेतले हेतू न तत्त्वं लिहून घ्यायची ठरली, पेंटरही सांगून ठेवला. पहिल्याच कलमातला पहिलाच हेतू मी फळ्यावर लिहिला, "आंतरराष्ट्रीय शांतता व सुरक्षा राखणे". तर सातवीतला एक पोरगा उठला न म्हणे, मॅडम, मंग तिथं कोनी बोलतच नाई का? कारण फळ्याच्या वरच मोठ्या अक्षरात "शांतता राखा" लिहून आहे. वर्ग हसला, मीही हसले, पण घरी आल्यावर ते डोक्यातून जाईना. हेडसर म्हणतात "शांती" लिहा. सासूबाई म्हणतात शांती तर पोरगं मूळ नक्षत्रावर झालं की करतात. काय लिहू?

शुद्धमती
शांतता. यात चर्चेसारखं काही नाही. शांती मनाची असते, शांतता बाहेरची. हिंदीत सरसकट शांति म्हणतात म्हणून आपणही म्हणायला लागलो.

आर्वीचा_बाबू
मंग विश्वशांती काय हिंदी आहे का ताई? आमचे आजोबा पवनारले जात, विनोबांनी १९५७ साली शांतिसेना काढली तेव्हा गावागावात तो शब्द पोचला. शांततासेना म्हटलं असतं तर लोकायले वाटलं असतं लायब्ररीतले शिपाई आले.

शुद्धमती
विश्वशांती हा सामासिक शब्द आहे, समासात चालतं. आणि शांतिसेना लिहिताना ति ऱ्हस्व, तेवढं तरी तुम्ही बरोबर लिहिलंत.

आर्वीचा_बाबू
उपकार झाले.

रिटायर्ड_तलाठी
मॅडम, त्या पोराचा प्रश्न खोटा नाही. आपल्या भाषेत आवाज नसणं आणि भांडण नसणं या दोन्हीले एकच शब्द आहे, कारण गावात भांडण म्हणजेच आवाज. माझं लक्ष दुसरीकडे गेलं, "सनद". आमच्या दप्तरात सनद म्हणजे इनामाची, वकिलाले मिळते तीही सनद. म्हणजे वरचा खालच्याले देतो तो कागद. पण २६ जून १९४५ ले सॅन फ्रान्सिस्कोत ५० देशांनी सही केली ती त्यांनी आपसात केली, देणारा कोणी वरचा नव्हताच (पोलंडनं मागून केली म्हणून संस्थापक ५१ धरतात). याले करारनामा म्हणाले पाहिजे. सनद काहून म्हणतात?

शुद्धमती
सनद मुळात अरबी शब्द. मी अधिकारपत्र म्हणते.

झाडीचा_पोर
आनि तुमी म्हनल्यावर समजते कोनाले गा? आमच्याकडं अधिकारपत्र म्हटलं का लोक रेशनच्या लाइनीत उभे राहतेत.

कापूसकोंड्या
सगळे शांततेवर भांडून रायले, मले "राखणे" या शब्दावर बोलायचं आहे. मी जागलीवर जातो, तुरीत रानडुकरं न रोही येतात. राखण म्हणजे काय, रातभर मचाणावर बसाचं, टॉर्च मारायची, डबा वाजवायचा. डुकराले मारायचं नाही, मारलं तर फॉरेस्टवाले येतात, आपण आहोत हे त्याले समजलं पाहिजे बस. संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या टोपीवाल्या फौजेचं, म्हणजे त्यांच्या शांतिसेनेचं, असंच आहे. दोन्ही बाजूंची संमती असेल तरच जातात, कोणाची बाजू घेत नाहीत, न स्वतःचा बचाव किंवा नेमून दिलेलं काम सोडून हत्यार चालवत नाहीत. माह्यासाठी ते जागलकरी. डुकराची संमती मात्र आम्ही घेत नाही, तेवढा फरक.

वणीकर_वकील
भाऊ, जागलीची उपमा एक नंबर, पण सनदेत तुमचा जागलकरी नाहीच. शांतिसेना हा शब्दच त्यात कुठे नाही. सहाव्या प्रकरणात तंटे बोलून मिटवायचे, सातव्यात ऐकलंच नाही तर बळ वापरायचं, आणि ही निळ्या टोप्यांची कल्पना दोघांच्या मधात. संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस हॅमरशोल्ड म्हणून गेले की हे साडेसहावं प्रकरण आहे. पहिल्या कलमात आहे ते राखण नाही, मेन्टेन करणं. म्हणजे टिकवणं. राखणदार एक असतो, टिकवायची सगळ्यांनी.

आर्वीचा_बाबू
साडेसहावं प्रकरण 😄 हे मराठीतच शोभते.

रिटायर्ड_तलाठी
वकीलसाहेब तंटे म्हणाले, बरं वाटलं. पुस्तकात "विवाद" लिहितात. २००७ पासून गावोगाव तंटामुक्त समित्या झाल्या, लहान पोरालेही तंटा समजतो. दुसऱ्या कलमातलं तत्त्व तेच तर आहे, आपसातले तंटे शांततेनं मिटवा. आणि त्याच्या खालचं, बळाचा धाक घालू नका न वापरूही नका, त्याले आपला शब्द तयार आहे, दमदाटी.

शुद्धमती
दोन देशांच्या युद्धाला तंटा? तंटा बांधावरचा असतो काका.

रिटायर्ड_तलाठी
ताई, चाळीस वर्षं बांध मोजले. देशायचाही बांधावरचाच असतो, बांध लांब असते फक्त.

झाडीचा_पोर
😂 काका

वणीकर_वकील
आणि शब्दांचा घोळ फक्त आपल्याकडेच आहे असं समजू नका. सनद चिनी, फ्रेंच, रशियन, इंग्रजी, स्पॅनिश अशा पाच भाषांत आहे आणि पाचही सारख्याच अस्सल. तरी कलम ५१ मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क इंग्रजीत "इनहेरंट" म्हणजे अंगभूत आहे, फ्रेंचमध्ये "नातुरेल" म्हणजे नैसर्गिक. कायद्याची माणसं त्यावर आजही वाद घालतात. (आपल्या घटनेतलं कलम ५१ वेगळं बरं, ते आंतरराष्ट्रीय शांततेचं. परीक्षेत पोरं हमखास गोंधळतात.) आणखी एक, "नकाराधिकार" (व्हेटो) हा शब्दही सनदेत नाही. सुरक्षा परिषदेतल्या पाच कायम सदस्यांची सहमतीची मतं लागतील एवढंच लिहिलं आहे. सगळे देश सार्वभौम न समान हे तत्त्व दुसऱ्या कलमात पहिल्याच नंबरवर, न पुढं २७ मध्ये हे.

कापूसकोंड्या
म्हणजे आमच्या सोसायटीसारखंच. सभासद सारे समान, चाव्या पाचजणांकडे.

आर्वीचा_बाबू
पहिल्याच कलमात लोकसमूहांचा स्वयंनिर्णय पण आहे ना? मंग आमच्या विदर्भाचं काय? १९५५ ले फाजल अलींच्या राज्य पुनर्रचना आयोगानं वेगळ्या राज्याची शिफारस केलती.

झाडीचा_पोर
बरोब्बर! नागपूर करार पन काढा आता.

वणीकर_वकील
ते देशाच्या आतलं राज्य, बाबूभाऊ. त्याला सनदेतला स्वयंनिर्णय लागत नाही, नवं राज्य करायला आपल्या घटनेचं कलम ३ आहे.

आर्वीचा_बाबू
म्हणजे घरातलं भांडण घरात. हेही सनदेतच आहे ना, देशाच्या आतल्या मामल्यात नाक खुपसायचं नाही?

वणीकर_वकील
आहे. कलम २, पोटकलम ७. पण सातव्या प्रकरणाखालच्या कारवाईला त्याची आडकाठी नाही.

शुद्धमती
राजकारण नको, शब्दांवर बोला.

आर्वीचा_बाबू
स्वयंनिर्णय शब्द नाही का?

वावरातली_मास्तरीण
अहो मंडळी, पेंटर आला. मी तासावर होते, त्यानं विचारायची वाट न पाहता फळ्यावरचंच उतरवलं, "शांतता व सुरक्षा राखणे". निळा रंगही छान लागला आहे. ठेवू का पुसू, तेवढं सांगा, त्याला दुपारी दुसऱ्या गावाला जायचं आहे.

कापूसकोंड्या
ठेवा. राखणे आहे त्यात.

वणीकर_वकील
"टिकवणे" करता आलं तर बघा.

शुद्धमती
शांतता ठीक. पण "सुरक्षा"? मराठीत "सुरक्षितता" म्हणतात.

रिटायर्ड_तलाठी
मॅडम, पेंटरले चहा पाजा.