मदत हवी आहे : ई-पॉसवर (रेशन दुकानातलं ठसा घेणारं मशीन) अंगठा लागत नाही, रेशन कसं मिळवायचं?

वीटभट्टीवरच्या 4 जणांच्या प्राधान्य कुटुंबाची (रेशनकार्डाचा एक प्रकार) अडचण आहे. माणशी 5 किलोप्रमाणे महिन्याचं 20 किलो धान्य अडलंय. बोटांच्या रेषा झिजल्यात, त्यात भेगा. हात धुऊन, पुसून, दहाही बोटं लावून झाली. कोरड्या कातडीला किंचित ओल लागते, तेही केलं. आधारला जोडलेला मोबाईल बंद, म्हणून ओटीपी नाही. बायोमेट्रिक अपडेट करता येईल, पण भट्टीवर महिनाभरात पुन्हा तेच!

ठसा जुळला नाही म्हणून धान्य नाकारू नये, असं केंद्राने 2017 मध्येच कळवलंय. दुकानदार मात्र "मशीन घेत नाही" एवढंच म्हणतो.

डोळ्यांच्या स्कॅनरवर किंवा वहीत नोंद करून कुणाला धान्य मिळालंय का? तहसीलच्या पुरवठा शाखेत द्यायच्या अर्जाचा नमुना असेल तर कृपया टाका.