मदत हवी आहे: नोकरी सांभाळून ऑटोमेशनचे अल्पमुदतीचे प्रशिक्षण (ठाणे-नवी मुंबई)

सर्व सभासदांना नमस्कार.

मी दहावीनंतर आयटीआयमधून फिटर ट्रेडचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केला असून सध्या रबाळे एमआयडीसीतील एका पॅकेजिंगच्या कारखान्यात मेंटेनन्स विभागात काम करतो. बेअरिंग, गिअरबॉक्स, न्यूमॅटिक सिलिंडर या कामांत मला अडचण येत नाही. अडचण येते ती पॅनेल उघडल्यावर.

एक उदाहरण देतो. पाऊच भरण्याच्या मशिनवर फिल्मवरची छापील खूण ओळखणारा सेन्सर असतो. कधी कधी सेन्सरचा दिवा लागतो, पीएलसीच्या (मशिन चालवणाऱ्या छोट्या औद्योगिक संगणकाच्या) इनपुटचाही दिवा लागतो, पण आउटपुट येत नाही आणि कटर जागचा हलत नाही. प्रोग्रॅममधली कुठली तरी अट पूर्ण होत नाही, इतके मला समजते. मात्र ती गार्डच्या दाराची आहे, हवेच्या दाबाची आहे की सीलिंगच्या तापमानाची, हे लॅपटॉप जोडून लॅडर (शिडीसारख्या आकृतीत लिहिलेला पीएलसीचा प्रोग्रॅम) पाहिल्याशिवाय ठरवता येत नाही, आणि मशिन बनवणाऱ्यांचा माणूस येईपर्यंत लाइन उभी राहते. हे कारण मला स्वतःला शोधता यावे, एवढ्यासाठीच शिकायचे आहे.

आयटीआयच्या आधारे तंत्रनिकेतनात डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो याची मला कल्पना आहे, परंतु त्यासाठी नोकरी सोडणे घरच्या परिस्थितीत शक्य नाही. म्हणून एखाद्या महाविद्यालयातील किंवा प्रशिक्षण संस्थेतील काही महिन्यांचा अभ्यासक्रम शोधत आहे. पहिली पाळी संपल्यावर ठाणे-वाशी लोकलने ज्या स्टेशनवर उतरून वर्गाला पोहोचता येईल, अशी कोणतीही जागा चालेल. वागळे इस्टेटही चालेल.

चौकशी करताना हाती आलेल्या माहितीपत्रकांत तीन महिन्यांत पीएलसी, एचएमआय, स्काडा, ड्राइव्ह, सर्व्हो, रोबोटिक्स आणि वर इंडस्ट्री ४.० असे सगळे शिकवण्याचे आश्वासन असते, आणि ते वाचून माझा विश्वास वाढण्याऐवजी कमी होतो. सेन्सरची तपकिरी वायर २४ व्होल्टला, निळी शून्याला आणि काळी इनपुटला, ही जोडणी विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने केलेली नसेल, पीएनपीच्या (इनपुटला २४ व्होल्ट देणाऱ्या) जागी एनपीएन (इनपुट शून्याला जोडणारा) सेन्सर बसवल्यावर इनपुट का येत नाही हे समोर पाहिलेले नसेल, तर संगणकाच्या पडद्यावर चालवलेला रोबोट मेंटेनन्सच्या माणसाच्या फारसा कामाला येत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. दाब-तापमानासारखी मोजमापे कळवणाऱ्या ४ ते २० मिलिअँपिअरच्या सिग्नलमध्ये सुरुवात शून्याऐवजी चारपासून केली आहे, ती तुटलेली वायर ओळखू यावी म्हणूनही. अशा गोष्टी जिथे वायर खरोखर सोडवून दाखवल्या जातात, तिथे शिकण्याची माझी इच्छा आहे.

या क्षेत्रात काम करणाऱ्या सभासदांना माझी विनंती आहे की त्यांनी पुढील बाबतींत मार्गदर्शन करावे. आधी इलेक्ट्रिकल कंट्रोल वायरिंग (कॉन्टॅक्टर, रिले, इंटरलॉक) पक्के करून मग पीएलसीकडे वळावे, की दोन्ही बरोबर शिकता येतात? आयईसी ६११३१-३ हे पीएलसी प्रोग्रॅमिंगचे मानक १९९३ पासून असल्यामुळे लॅडरची मूळ पद्धत बहुतेक ठिकाणी सारखी असते, पण प्रत्येक कंपनीचे सॉफ्टवेअर वेगळे असते. तेव्हा एकाच कंपनीच्या पीएलसीवर हात बसवणे योग्य, की दोन-तीन कंपन्यांची तोंडओळख? ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांत बढती देताना एनएसक्यूएफ (राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा) स्तर नोंदवलेले प्रमाणपत्र खरोखर पाहिले जाते का?

तसेच ज्यांनी या भागात असे प्रशिक्षण घेतले आहे, त्यांनी एका ट्रेनर किटवर किती विद्यार्थी बसत होते आणि मुद्दाम बिघाड करून तो शोधायला लावत होते का, हे अवश्य लिहावे. शिकवणे मराठीत किंवा हिंदीत असेल तर तेही सांगावे. शुल्क भरण्यापूर्वी मी एखाद्या वर्गात बसून पाहणार आहे. तिथे प्रशिक्षकांना नेमके काय विचारावे, हेही सुचवावे.